पाणी नैसर्गिक, तलाव कुणाचा?

गोंदियाला समुद्र नाही, पण इंग्रजांचा पाण्याचा कायदा इथे नीट समजतो. 1873 चा उत्तर हिंदुस्थानचा कालवे कायदा घ्या. त्यात कालव्यातल्या नौकानयनाचं वेगळं प्रकरण आहे. पण खरी मेख प्रस्तावनेत. नद्या, नाले, नैसर्गिक तळी यांचं पाणी सरकारच्या ताब्यात. मध्य प्रांताचा 1931 चा पाटबंधारे कायदाही त्याच वाटेनं गेला.

आता 'नैसर्गिक' हा शब्द धरा. नवेगाव बांधसारखे तलाव कोहळी समाजानं पाळ घालून बांधलेले. तिथे वहिवाट चाले: पाणी आधी कुणाला, पाट कुणी उपसायचा, हे मालगुजार आणि गाव ठरवत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. हक्काबरोबर दुरुस्तीची जबाबदारीही गावातून गेली. तलाव गाळानं भरतात, त्याचं एक मूळ इथे आहे.