छंद म्हणे!

गेल्या वर्षी जुन्या बाजारातून मी एक शिलाई मशीन घरी आणलं. सिंगरचं, काळं, पायाचं, सोनेरी नक्षी अर्धी पुसलेली, पट्टा तुटलेला. नवऱ्याच्या मते शुद्ध भंगार. मी मात्र हौसेनं आईला फोन केला, "आता मी शिवण शिकणार, छंद म्हणून." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "छंद म्हणे!"

ती असं का म्हणाली ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी रात्रीची जेवणं उरकली की आई मशीनवर बसायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, बाळंतिणींची झबली-टोपडी. आमच्या शाळेचा खर्च बराचसा त्यातूनच निघायचा. आणि मी? मैत्रिणी येणार असल्या की मशीनवर चादर टाकून ठेवायचे. आईला ते दिसत असणारच. कधी अवाक्षर बोलली नाही.

असो. मशीनला तेल पाजलं, नवा पट्टा चढवला, आणि पहिल्याच टिपेला कापडाखाली दोऱ्याचं हे एवढं जाळं! मी बॉबिन दहादा काढली, दहादा घातली. शेवटी पुन्हा आईला फोन. "खाली काय बघत बसलीस? वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसला नसेल." खरंच तसं होतं.

सगळी गंमत या दोन दोऱ्यांची आहे. हातानं शिवताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते, कारण तिचं भोक मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचं भोक टोचणाऱ्या टोकाशी असतं. ती दोरा घेऊन खाली जाते, वर येऊ लागली की खाली दोऱ्याचा एक फास सुटतो आणि त्या फासात खालचा दोरा अडकतो. वरच्याला ताण नसला की तो खाली सैल सांडत जातो. अशा टिपेच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियास हाऊनं १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं, म्हणजे नंतरचं. हाऊनं त्याला कोर्टात खेचून पैसेही वसूल केले. तरी घराघरात नाव झालं ते सिंगरचं.

इतकं, की गांधीजीसुद्धा त्यालाच श्रेय देऊन मोकळे झाले. १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिलाई मशीन अपवाद म्हणून बाजूला काढलं होतं. बायकोला हातानं शिवताना दमलेलं पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं ते म्हणाले. गोष्ट गोड आहे, पण सिंगरला काही शोभत नाही. या गृहस्थांचे एकाच वेळी अनेक संसार आणि वीसहून जास्त मुलं! शिवून दमलेली बायको होती ती हाऊची. तो आजारी असताना तिच्या शिवणावर घर चालायचं.

त्याच वेळी गांधीजींना विचारलं गेलं, की ही मशीनं बनवायला मोठे कारखाने लागणारच ना? लागतील, पण ते राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत, असं त्यांचं उत्तर. हे वाचून मी उठून माझ्या मशीनवरचा क्रमांक पाहिला. 'वाय' अक्षरानं सुरू होतो. म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९२०च्या नाहीतर १९३०च्या दशकातलं. त्याच कारखान्यात मार्च १९११ मध्ये लाकडी कपाटांना पॉलिश करणाऱ्या विभागात माणसं कमी करून उरलेल्यांवर त्यांचं काम टाकलं गेलं. १२ बायका काम सोडून बाहेर पडल्या. थोड्याच दिवसांत सुमारे ११,००० कामगार संपावर होते! तीनेक आठवड्यांत संप मोडला, मग शेकडो जणांना काढून टाकलं. कारखाना १९८० मध्ये बंद पडला. रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून सिंगरच आहे.

दिवाळीत आई आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. प्रेमाची गोष्ट ऐकून ती हसली. बायकांच्या संपाचं मात्र तिनं दोनदा विचारलं, "मग त्यांना परत घेतलं का कामावर?" मग मीही धीर करून चादरीचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, मला वाटायचं धूळ बसू नये म्हणून घालतेस." खरं की खोटं, तिच्या तोंडावरून मला कळलं नाही.

मग ती मशीनवर बसली. ऐंशीच्या घरातले पाय, पण पायडलची लय जशीच्या तशी. पुढचा परकर मी तिच्याच मापाचा शिवतेय. नेफा वाकडा आला तर सगळा उसवायला लावीन, असं बजावून गेलीय.