धूळ जाते कुठे?

वेल्हे तालुक्यातल्या, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यातल्या, आमच्या गावच्या घराची जमीन शेणाने सारवलेली असे. आई सकाळी उठली की आधी जमिनीवर पाण्याचा हलका शिपका मारायची आणि मग शिंदीच्या पात्यांची केरसुणी फिरवायची. अंगणासाठी खराटा वेगळा. पाण्याने धूळ बसायची आणि सारवणाने माती धरून राहायची. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, केरसुणीला पाय लागू द्यायचा नाही, लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीवर हळदकुंकू वाहायचे, हे सारे ओघाने आलेच.

पुढे आम्ही भोरला राहायला आलो. तिथे शहाबादी फरशी होती. सारवण सुटले, पाण्याचा शिपकाही सुटला; केरसुणी तेवढी राहिली. कोरड्या फरशीवरून ती फिरली की खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचताना दिसायची. आईला दमा होता. केर काढून झाला की ती पदर तोंडाला लावून पायरीवर बसून राहायची.

पुढे घरात व्हॅक्यूम क्लीनर आला आणि त्याविषयी मी वाचू लागलो, तेव्हा या यंत्राच्या इतिहासातही एक दमेकरी भेटला.

आरंभ मात्र श्रीमंतांच्या गालिच्यांपासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूळ फुंकून उडवणारी यंत्रे निघाली होती. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने त्यातले एक पाहिले आणि त्याच्या मनात आले, की फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने खुर्चीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून श्वास आत ओढला आणि रुमालाला चिकटलेली धूळ पाहिली. १९०१ साली त्याने आपले यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते, की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

दमेकरी होता तो अमेरिकेत. जेम्स मरे स्पँगलर हा ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करी. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला खोकल्याची उबळ येई. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून घरच्या घरी एक यंत्र जुळवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि चामड्याच्या वस्तू करणाऱ्या विल्यम हूवर यांनी ते विकत घेतले. पुढे इंग्लंडात ‘हूवर’ या नावाचे क्रियापदच झाले. एका माणसाला हातात धरून चालवता येईल असे यंत्र आले, ते अशा एका झाडणाऱ्याच्या खोकल्यातून.

आपल्याकडे हे यंत्र घरोघरी पोहोचवण्यात मोठा वाटा युरेका फोर्ब्सचा. फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून १९८२ मध्ये ही कंपनी काढली. टाय लावलेले तरुण विक्रेते दारावर येऊन ‘युरोक्लीन’चे प्रात्यक्षिक दाखवीत. पुण्यात एका नातेवाइकांकडे मी असे प्रात्यक्षिक पाहिले. रोज झटकल्या जाणाऱ्या गादीतून निघालेली धूळ पांढऱ्या फडक्यावर पाहून घरातली सगळी माणसे ओशाळली होती.

काही वर्षांनी आम्हीही एक यंत्र घेतले. पहिल्याच दिवशी मी त्याची कापडी पिशवी पडवीत, वाऱ्याच्या तोंडाला झटकली. ती सगळी धूळ घरात परत आली आणि आई रात्रभर खोकत राहिली. यंत्राने धूळ नाहीशी होत नाही, तिची फक्त जागा बदलते, हे मला त्या रात्री कळले.

म्हणूनच यंत्राची पारख नुसत्या वॅटवरून करू नये. वॅट हा मोटार किती वीज खाते याचा आकडा आहे. केर उचलला जातो तो हवेच्या ओढीने आणि नळीतून वाहणाऱ्या हवेच्या प्रमाणाने. पिशवीची छिद्रे बुजत गेली, की हा प्रवाह मंदावतो. साध्या कापडातून बारीक धूळ मागच्या बाजूने बाहेरही पडते. ‘हेपा’ जातीची गाळणी अशी बारीक धूळ अडवते. हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करण्याची युक्ती जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने करून साधली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये मोटारीवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. त्याच संघाने या यंत्रांना लावलेले ऊर्जेचे लेबल तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले, कारण चाचणी रिकाम्या पिशवीने घेतली जात होती. घरात कुणाची पिशवी रिकामी असते?

आमच्या घरी ते यंत्र दसरा-दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून खाली यायचे. गाद्या, जळमटे, पंखे. ते चालवायचो मी, आणि खंडेनवमीला त्याला फूलही मीच वाहायचो. केरसुणी मात्र वर्षाचे सगळे दिवस आईच्या हातात, पुढे माझ्या पत्नीच्या. घरात दमा होता तिला आणि धुळीपुढे रोज वाकायचीही तीच, हे मला कधी खटकले नाही. स्पँगलरने यंत्र केले, कारण झाडायचे त्याला स्वतःला होते.

आई गेल्याला आता बरीच वर्षे झाली. गाद्या आजही मी यंत्रानेच साफ करतो आणि पिशवी घरापासून दूर, वाऱ्याकडे पाठ करून रिकामी करतो. फरशीवरून मात्र आधी ओले फडके फिरवतो, मग केर भरतो. हा क्रम आईचाच, वेल्ह्याच्या घरातला. फक्त आता रोज सकाळी वाकतो मी.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)