विंडजॅमर सफरींतील भोजन

अमेरिकेच्या मेन राज्यात पेनॉब्स्कॉट उपसागरातील शिडाच्या स्कूनर जहाजांवर (विंडजॅमर) पर्यटकांना मिळणारे जेवण. मुख्य बंदरे कॅम्डेन व रॉकलंड. हंगाम मेअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. लाकूड, चुना, ग्रॅनाइट वाहणाऱ्या स्कूनरांचा धंदा बसल्यावर फ्रँक स्विफ्ट यांनी १९३६ मध्ये ‘मेबल’ या स्कूनरवरून सुट्टीच्या सफरी सुरू केल्या. पहिल्या सफरीला बॉस्टनच्या तीनच स्त्रिया होत्या, असे सांगतात. ‘मेरी डे’ (१९६२) ही स्कूनर खास अशा सफरींसाठी बांधलेली. ताफ्यातील सर्वांत जुने जहाज कोणते, याबाबत एकमत नाही; ‘स्टीफन टेबर’ व ‘लुइस आर. फ्रेंच’ ही दोन्ही १८७१ची.

भटारखाना : बहुधा नाळेच्या बाजूला, डेकखाली. बिडाची, लाकडावर चालणारी चूल. भांडी घसरू नयेत म्हणून वर लोखंडी कठडा. आचारी पहाटे चार-साडेचारला चूल पेटवतो, कारण बीड तापायला वेळ लागतो आणि न्याहारीआधी पाव भाजायचे असतात. आच राखायची ती जळण निवडून व झडपा उघडझाप करून: झटपट आचेला बारीक चिरफळ्या, दमदार आचेला ओक किंवा मेपलचे ओंडके. भट्टीची जळणाकडील बाजू जास्त तापते, म्हणून पावाचे साचे अर्ध्यावर फिरवावे लागतात. हे चुकले की एका कडेला कोळसा, दुसऱ्या कडेला कच्चे पीठ. ‘जे. अँड ई. रिगिन’ (१९२७, मूळची कालवे काढणारी बोट) या स्कूनरच्या माजी कप्तान व आचारी ॲन माहल यांचे ‘ॲट होम, ॲट सी’ हे पाकपुस्तक प्रसिद्ध आहे.

दिनक्रम : सकाळी कॉफी, मग घंटा व न्याहारी, ऑगस्टच्या सुमारास रानटी ब्लूबेरी घातलेले पॅनकेक. दुपारचे जेवण जहाज चालू असताना डेकवरच, म्हणून एका वाडग्यात मावणारे: तिसऱ्यांसारखे शिंपले किंवा हॅडॉक मासा, बटाटा, कांदा, दूध यांचे चाउडर. रात्री जहाज आडोशाच्या खाडीत नांगरल्यावर सावकाश जेवण. शनिवारी गुळमट चवीचे भाजलेले घेवडे ही न्यू इंग्लंडची जुनी रीत काही जहाजांवर पाळतात.

लॉबस्टर-बेक : सफरीतील मुख्य जेवण, निर्जन बेटाच्या किनाऱ्यावर. मोठ्या पत्र्याच्या टबात चार बोटे समुद्राचे पाणी, त्यात मोठ्या नांग्यांचे शेवंड, मक्याची कणसे, बटाटे, वर ओल्या समुद्रशेवाळाचा जाड थर. खाली वाहून आलेल्या लाकडांचा जाळ. नाव भाजण्याचे असले तरी पदार्थ वाफेवरच शिजतो. वितळलेल्या लोण्यात बुडवून, हातानेच खातात. नांग्या फोडायला दगडही चालतो.

साठवण : बर्फाच्या पेट्या.

शाकाहार : आगाऊ कळवल्यास मिळतो.

मद्य : बहुतेक जहाजांवर प्रवाशांनी आपले आपण आणावे.