रानाची वही

पुण्यात पाषाणला उष्णदेशीय मौसम विज्ञानाची संस्था आहे. हिमालयातल्या देवदारांच्या खोडांतून पोखरून काढलेल्या, पेन्सिलीहूनही बारीक अशा काड्या तेथे तपासल्या जातात. देवदाराच्या खोडात वर्षाला एक कडे पडते; साल बरे गेले तर रुंद, वाईट गेले तर अरुंद. पाऊस मोजण्याची साधने येण्यापूर्वीची सालेही त्यांतून वाचता येतात. सूचिपर्णी झाडे आपला जमाखर्च अशी आपणच लिहितात. आपल्याकडे सागही थोडाफार लिहितो. पण भीमाशंकरच्या जांभळाचे नि अंजनीचे तसे नाही. सदाहरित रानात वाढ थंडीने थबकत नाही, म्हणून वर्षाची खूण स्वच्छ उमटत नाही. तेथली वही माणसानेच लिहिली पाहिजे.

ती लिहिण्याचा पहिला खटाटोप पुण्याच्या वेशीवरच झाला. पवना मुळेला मिळते तेथे, दापोडीला, १८२८ पासून कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. १८३८ मध्ये ती अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराच्या हाती आली. देवी टोचण्याच्या कामावर हा गृहस्थ दख्खन-खानदेशात हिंडलेला. कोकणात रान तुटले तसे झरे आटले, हे त्याने सरकारच्या कानी घातले. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत त्या जागी राहिला. त्याची तळमळ खरी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु सरकारला झऱ्यांपेक्षा जहाजांसाठी साग अधिक प्यारा होता. ज्याला बाजारात भाव नाही, त्याची खबर कोण ठेवणार?

आणि ज्याची गुरे त्या रानात चरत, त्याचे काय? १८७८ च्या कायद्याने रानाभोवती कुंपण पडले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यावर कोरडे ओढले ते उगीच नव्हे. सरकारी दप्तरात शेतकरी येई तो बहुधा गुन्हेगार म्हणून. असे रान राखले गेले असेल. पण त्याची माहिती ज्याला सर्वांत अधिक, त्याला कोणी विचारले नाही.

विचारले ते पुष्कळ उशिरा. १९७० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वर्तक आणि माधव गाडगीळ गावोगाव देवराया पाहत फिरले. कोणत्या देवाची राई, किती मोठी, आत कोणती झाडे, हे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारून टिपले. श्रीवर्धनकडच्या गाणी गावची राई वनखाते तोडणार असे दिसताच गावाने या दोघांना गाठले. गावाचे पाणी त्या राईतून येत होते. राई वाचली. एका टिपणवहीचे एवढे बळ!

परंतु एकदा पाहणे वेगळे आणि वर्षानुवर्षे पाहत राहणे वेगळे. गडचिरोलीत आलापल्लीच्या रानाचा ६ हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून न तोडता राखला आहे; असे तुकडे ठरवून निवडावे लागतात. मग प्रत्येक झाडाला क्रमांक, छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा, आणि दर काही वर्षांनी त्याच पट्ट्यावर घेराचे माप. पहिला मोहोर कधी आला, ओढा कोणत्या तारखेला आटला, गुरे किती शिरली, हेही त्यात हवे. साहेबांची बदली होते, गावाची होत नाही; तेव्हा वहीची एक प्रत गावात असावी असे मला वाटते.

शिक्षकाच्या सवयीने मी यातला एक रकाना सर्वांत मोलाचा मानतो, तो रोपांचा. वर्गातले थोरले विद्यार्थी नजरेत भरतात, तशी जुनी झाडे भरतात. त्यांच्याकडे पाहून रान सुखरूप वाटते. देवराईतला शंभर वर्षांचा वृक्ष डौलाने उभा असतो आणि त्याच्या पायथ्याशी हाताएवढे एकही रोप नसते. ही गैरहजेरी पहिल्या वर्षी लक्षात येत नाही. दहाव्या वर्षी येते, तेही हजेरीपट दहा वर्षे भरलेला असेल तरच.