चित्रकथांतील इतिहास व पुराव्याचा प्रश्न

मुलांस इतिहासाचा पहिला परिचय पाठ्यपुस्तकांतून होतो असा समज रूढ आहे. वस्तुतः इ. स. १९६७ मध्यें मुंबईस सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालेनें हें कार्य पुढें अनेक वर्षें केलें. अनंत पै हे तिचे संपादक. आरंभींचे दहा अंक पाश्चात्य परीकथांचे होते. अकराव्या ‘कृष्ण’ या अंकापासून माला भारतीय विषयांकडे वळली. शिवाजी महाराज, तानाजी, झांशीची राणी यांचीं चरित्रें लहान रंगीत पुस्तकांत साहसकथेच्या घाटानें मांडलीं गेलीं.

हा घाट आपणांस परका नव्हे; पोवाड्याचाहि तोच आहे. परंतु शब्द व चित्र यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. सिंहगडाचेंच उदाहरण घेऊं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं गड हस्तगत झाला व तानाजी मालुसरे पडले, याविषयीं वाद नाहीं. मात्र कडा कसा चढला गेला? १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत निवडक मावळे कडा चढून गेल्याचें सांगितलें आहे. घोरपडीचा उल्लेख नाहीं. घोरपड येते ती तुळशीदासाच्या पोवाड्यांत. इतिहासकार दोन्ही साक्षी वाचकांपुढें ठेवून त्यांचें बलाबल सांगूं शकतो. चित्रकारास ही मोकळीक नाहीं. चौकटींत दोर एक तर घोरपडीस बांधलेला असतो किंवा नसतो. ‘कदाचित्’ हा शब्द रंगवितां येत नाहीं.

संवादांचीहि तीच गत आहे. अस्सल पत्रांत नसलेलीं वाक्यें लेखकास रचावीं लागतात, आणि मूल तीं त्या त्या पुरुषाचींच समजतें. लहानपणीं डोळ्यांपुढें ठसलेलें चित्र पुढें कागदपत्रांनीं पुसणें फार कठीण जातें.

यास्तव अशा वाङ्मयाचा धिक्कार करावा असें आमचें म्हणणें नाहीं. गडकोटांची गोडी अनेकांस त्यानेंच लाविली. परंतु अशा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटीं अर्धें पान राखून, यांतील अमुक कागदपत्रांवरून घेतलें, अमुक लोककथेवरून, व अमुक कथेच्या सोयीसाठीं रचिलें, एवढें स्पष्ट नमूद करावें. त्यानें साहसास उणेपणा येणार नाहीं. माघाच्या रात्रीं तो कडा घोरपडीच्या साह्यावांचून चढणें, हें साहस कांहीं लहान नव्हे.