शिक्का, मोर्तब आणि वहिवाट

आमच्या सिल्वासात एकच शब्द दोन घरांत दोन तऱ्हांनी नांदतो. शेजारचे गुजराती काका ‘सिक्को’ म्हणाले, की खिशातले नाणेही निघते आणि कचेरीतला रबरी शिक्काही. आमच्या घरात नाणे ते नाणे. शिक्का कागदावर बसतो. माणसावर बसला, तर मात्र जन्मभर पुसत नाही! शब्द आला फारसीतून. मूळ अर्थ नाणे पाडण्याचा ठसा.

पेशवाईच्या कागदात शिक्का माथ्याकडे आणि मोर्तब शेवटी. मोर्तब म्हणजे लेखन संपल्याची खूण. त्यापुढे कोणी अक्षर वाढवू नये. दोन्ही मिळून शिक्कामोर्तब : आता बदल नाही.

आमच्या मुलखाचे नशीब अशाच कागदांत बांधले गेले. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना सालीना १२,००० रुपयांचा महसूल देऊ केला. १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावे नेमून दिली. पुढे १९५४ मध्ये २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज टपाल तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ अशी अक्षरे उमटली. शिक्क्यावर शिक्का!

पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली आणि पेशवाईतले मराठी शब्द तिथे तपासले गेले. १२ एप्रिल १९६० चा निकाल सांगतो, की त्या कागदांत महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली, भारतानेही ती तशीच धरली; म्हणून ती खरी ठरली. तरीही सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही, आणि भारताने काही मोडले असेही ठरले नाही. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला.

या निकालातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. मोर्तबाने जे दिले नव्हते, ते वहिवाटीने दिले होते.

माझ्या शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का गुजराती. बाजारात मी गुजरातीच बोलतो. नातवंडांची शाळा इंग्रजी. “तुम्ही नक्की कुठले?” असे कोणी विचारले, की पूर्वी मी कागद शोधू लागे. आता शोधत नाही. संध्याकाळी दिवा लागला, की नातवाला मराठीतून हाक मारतो आणि तो मराठीतून ओ देतो. आमची वहिवाट एवढीच. ती मोडू नये.