आधी घर वाचले, मग माणूस

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली. त्यांनी इंग्लंडच्या सहलीत जुन्या इस्टेटींवरची मजुरांची घरे पाहिली. दीड-पावणेदोनशे वर्षांची, दगडी, अजून नीटनेटकी, आणि कायद्याने संरक्षित. त्यांचा प्रश्न असा की, मग सोलापुरातल्या गिरणीच्या चाळींना असे संरक्षण का नाही? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे शब्द चिवडण्याची खोड आहे. 'संरक्षित' म्हटले की आम्ही विचारतो, कोण संरक्षित? घर, की घरात राहणारा?

आधी विलायतेतली गोष्ट बघू. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ म्हणून ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा मोठा वाडा आहे. त्याच्या शेजारी एडनझर नावाचे गाव. वाड्याच्या खिडकीतून दिसणारे गावाचे भाग हटवले गेले, आणि १८३८ नंतरच्या चार-पाच वर्षांत सहाव्या ड्यूकने बाजूला नवे गाव उभे केले. देखरेख जोसेफ पॅक्स्टनची. म्हणजे ज्याने पुढे १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनचा काचमहाल बांधला, तोच. गंमत अशी की एका घरासारखे दुसरे घर नाही. एक स्विस धाटणीचे, एक इटालियन, एक ट्यूडर. राहणार कोण, तर इस्टेटीवरची माणसे. त्यांनी काही स्विस छप्पर मागितले नव्हते! पण घरे पक्की होती, हेही खरेच.

गिरणीवाल्यांची तऱ्हा वेगळी. यॉर्कशायरमध्ये टायटस सॉल्ट याने १८५३ साली गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती सॉल्टेअर हे गाव वसवले. आठशेहून जास्त घरे, सरळ रांगांत. रस्त्यांना त्याच्या मुलाबाळांची नावे. मुकादमांची घरे साध्या कामगारापेक्षा मोठी, त्यामुळे घर बघूनच राहणाऱ्याचा हुद्दा कळावा. दारूचा गुत्ता मात्र गावात नव्हता. २००१ साली हे गाव जागतिक वारसा यादीत गेले.

आता कायदा. १९४७ च्या नगररचना कायद्याने जुन्या मोलाच्या इमारतींची यादी करणे हे तिथल्या सरकारचे कर्तव्य ठरले. यादीत आलेल्या घराची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. पण शेतमजुराचे घर नोकरीला बांधलेले असे. नोकरी गेली की घर गेले. त्या मजुराला घरात टिकण्याचा हक्क देणारा कायदा आला १९७६ साली. मधली एकोणतीस वर्षे मोजा. भिंतीला संरक्षण आधी, माणसाला नंतर.

आता सोलापूर. १८६० साली रेल्वे आली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, आणि त्याच सुमारास, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली 'जुनी मिल', चालू झाली. खेड्यातली माणसे पोटासाठी शहरात आली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबर चाळी.

आमचे मामा एका गिरणीच्या साचेखात्यात होते. लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जायचो. बैठी चाळ, एक खोली, कोपऱ्यात मोरी, पुढे अरुंद ओटा. नळ रांगेच्या टोकाला, संडास त्याच्याही पलीकडे. मामांच्या गावी माळवदाचे घर होते. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, मे महिन्यातसुद्धा आत गारवा. इथे डोक्यावर पत्रा. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्रा, विचार करा! रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी झोपायचे कसे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नसावा. मामा ओला पंचा अंगावर टाकून ओट्यावर पडत. चाळीतला ओटा हीच खरी खोली होती. आतली खोली नुसती सामान ठेवायला.

पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची घरे याच्या उलट. तिथे मागच घरात, खड्डा खणून बसवलेला. यॉर्कशायरच्या जुन्या हातमाग विणकरांच्या घरांनाही वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांब ओळ असे, मागावर उजेड पडावा म्हणून. तिथे घर कामाच्या गरजेने घडले. चाळ घडली ती भोंग्याच्या अंतराने.

आणि एक वस्ती विसरू नका. इंग्रजी अमलातल्या कायद्याने ज्यांना 'गुन्हेगार जमाती' ठरवले, त्या कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबांना सोलापुरात काटेरी तारांच्या आत ठेवले होते. हजेरी द्यायची, आणि गिरणीत कामाला जायचे. सरकारच्या भाषेत हीही देखभालच! १९५२ साली तो कायदा गेला. 'सेटलमेंट' हे नाव अजून पत्त्यात आहे, 'फ्री कॉलनी'ही आहे.

१९४७ सालीच आपल्याकडे मुंबई प्रांताचा भाडेनियंत्रण कायदा झाला. तिकडे इमारत वाचवायला निघाले, इकडे भाडेकरू. आम्हांला वाटते आपली निवड जास्त माणुसकीची होती. पण तिची किंमत पडली. भाडे गोठले, तसा मालकाने दुरुस्तीवरचा हात काढला. शिवाय गिरणीच्या खोलीत राहणारा भाडेकरू की नुसता नोकर, हा वाद होताच. मामांचे भाडे पगारातून कापले जाई. मग संपावर गेलेला माणूस कोण? मामी संपाच्या दिवसांत भांडी गाठोड्यात बांधून ठेवत, एवढे आम्हांला आठवते.

मालकीचा प्रश्न मात्र थेट दिल्लीला पोचला. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकमाने ताब्यात घेतली, आणि भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. मूलभूत हक्कांवरच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांत आपल्या गावाचे नाव आहे. कायद्याचे विद्यार्थी ते अजून वाचतात. तो प्रश्न भागधारकाच्या मालमत्तेचा होता, चाळीतल्या खोलीचा नव्हता.

तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्रांना आमचे उत्तर असे. एखादी चाळ जरूर राखा, पण रिकामी करून, रंग देऊन, संग्रहालय म्हणून नको. जिथे अजून लोक राहतात तिथे आधी खोली त्यांच्या नावावर करा, दोन खोल्यांची एक करू द्या, पत्र्याखाली छत घालू द्या. त्यात जुना नकाशा बिघडला तर बिघडू दे. आणि पाडायचीच असेल, तर पाडण्याआधी मापे घ्या, ओट्याची उंचीसुद्धा, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा की कोण कुठे झोपत होतं. मामांची चाळ आता नाही. आम्ही मागच्या वर्षी जागा शोधायला गेलो, तर नळाचा दगडी कट्टा तेवढा सापडला. त्यावर एक मुलगा मोबाईल बघत बसला होता.